लबाड कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'लबाड' या एका शब्दावर लोक इतकं विचारतात की शेवटी सगळं एका ठिकाणी लिहून टाकायचं ठरवलं. प्रश्न लोकांचेच आहेत, मी फक्त भाषा थोडी सरळ केलीय आणि जिथे दोघातिघांनी तेच विचारलं होतं तिथे एकत्र केलंय. क्रमाने वाचायची गरज नाही, कुठूनही सुरू करा.

१. लबाड म्हणजे खोटं बोलणारा ना? मग एवढी चर्चा कशाला?

कोशात बघाल तर हो, खोटा, फसवणारा असाच अर्थ सापडेल, अगदी मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही. पण आपण बोलताना हा शब्द कुठे कुठे वापरतो ते जरा आठवा. मे महिन्यात बाजारात आंब्याची पेटी घेता, पेटीवर ठळक अक्षरात देवगड, वरच्या थरात मस्त केशरी देखणी फळं, घरी येऊन गवत बाजूला केलं की खाली लिंबाएवढी बारकी आणि ती पण कर्नाटकातली. आता विकणारा तुमच्याशी एक अक्षर तरी खोटं बोलला का? नाही. तुम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, पेटी बोलली. (हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढ्याच जिल्ह्यांचा, पण पेटीच्या पुठ्ठ्याला ते कोण सांगणार.) तरी घरी आल्यावर आपल्या तोंडून निघतं काय, 'लबाड निघाला मेला'. खोटारडा नाही म्हणत आपण त्याला.

म्हणजे माझ्या मते लबाड व्हायला तीन गोष्टी लागतात. एक, स्वतःचा काहीतरी फायदा. दोन, तो साधायला वापरलेली अक्कल. आणि तीन, ते करताना चेहऱ्यावर 'मी कुठे काय केलं' असा साळसूद भाव. यातलं एक जरी कमी पडलं तरी दुसरा शब्द शोधावा लागतो.

२. मग खोटारडा, थापाड्या आणि लबाड यांच्यात फरक कसा करायचा?

थापाड्याला फायदा नको असतो, त्याला ऐकणारे हवे असतात. गावात एक तरी असतोच, ज्याने वाघाला नुसत्या काठीने पळवलंय आणि ज्याच्या ओळखीने मंत्र्याची बदली थांबलीय. लोणकढी थाप मारतो, लोक हसतात, चहा पिऊन घरी जातात, कुणाचं काही जात नाही. खोटारडा म्हणजे सवयीने खोटं बोलणारा, तो गरज नसतानाही बोलतो आणि बऱ्याचदा पकडला जातो कारण काल काय बोललो ते त्याच्या लक्षात राहत नाही. लबाडाच्या सगळं लक्षात असतं, हाच मोठा फरक. तो शक्य तिथे खरंच बोलतो, फक्त अर्धं.

ढोंगी वेगळा, तो नसलेला चांगुलपणा दाखवतो, 'वरून कीर्तन आतून तमाशा' हे त्याच्यासाठी. लबाडाला चांगुलपणाची हौस नसते, त्याला काम उरकायचं असतं.

३. लबाडचं स्त्रीलिंगी काय? लबाडी मुलगी म्हणायचं का?

नाही नाही. लबाड मुलगा, लबाड मुलगी, लबाड मूल, लबाड लोक, सगळीकडे लबाडच. आकारान्त विशेषणं बदलतात (लुच्चा, लुच्ची, लुच्चे, खोटारडा, खोटारडी), बाकीची बदलत नाहीत, जसं हुशार, सुंदर, गरीब तसंच लबाड. नाम म्हणून वापरलं की मात्र प्रत्यय लागतात, लबाडाने, लबाडाला, लबाडांच्या नादी. हाक मारताना 'अरे लबाडा' आणि 'अगं लबाडे' दोन्ही चालतं. बोलताना कुणी 'लबाडीण' पण म्हणतं, ते सहसा भांडणात किंवा लाडात. 'लबाडी' हा शब्द वेगळाच आहे, त्याचं पुढच्या उत्तरात.

४. लबाडी, लबाडपणा आणि लांडीलबाडी, तिन्ही एकच का?

लबाडपणा हा स्वभाव झाला, लबाडी ही करायची गोष्ट. म्हणून 'त्याने लबाडी केली' म्हणतो, 'त्याची लबाडी उघडी पडली' म्हणतो, आणि जास्त वेळा केली असेल तर 'त्याच्या लबाड्या मला माहिती आहेत'. लबाडपणाचं असं अनेकवचन कुणी करत नाही.

लांडीलबाडी हा जोडशब्द, तो एका घटनेला लावत नाहीत, धंद्याला किंवा एकूण वागण्याला लावतात. 'लांडीलबाडी करून बंगला बांधला' यात वर्षानुवर्षांचा हिशोब आहे. आणि गंमत म्हणजे हा शब्द नकारात सगळ्यात जास्त ऐकू येतो, 'आम्ही आयुष्यात कधी लांडीलबाडी केली नाही', असं म्हणणारे आजोबा प्रत्येक घरात असतात आणि बहुतेक वेळा ते खरंच बोलत असतात.

५. आम्ही अमेरिकेत असतो. माझी आई व्हिडिओ कॉलवर सहा वर्षांच्या नातीला 'लब्बाड गं तू' म्हणाली, नातीने अर्थ शोधला तर 'लायर' आलं आणि ती रडायला लागली. आता तिला काय सांगू?

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी पाठवलाय, परदेशातल्या आईबापांनी जास्त. पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या आईने 'ब' ला 'ब' जोडला होता, तिथेच सगळं आहे. लबाड आणि लब्बाड यांत तो एक जास्तीचा ब म्हणजे गालाला हात लावणं आहे. मूल फ्रिजमागे लाडू लपवून तोंड पुसून येतं आणि विचारलं की डोळे मोठे करून मान हलवतं, तेव्हा आजीला राग येत नाही, कौतुक वाटतं, की बघा एवढंसं पोर पण डोकं किती चालतं. प्रश्न १ मधल्या तिन्ही गोष्टी तिथे असतात, फायदा (लाडू), अक्कल, साळसूद चेहरा, फक्त नुकसान कुणाचं झालेलं नसतं. म्हणून शिवीचं कौतुक होतं.

'कुठला, कुठली' जोडलं तरी असंच होतं. 'लबाड कुठला!' हे चिडून म्हणताच येत नाही, म्हणून बघा, आवाज आपोआप मऊ होतो. याउलट 'तो लबाड आहे' हे शांत आवाजात, तिसऱ्या माणसाविषयी, मागे कुणी बोललं तर ती चांगलीच जड शिवी. म्हणजे समोर बोललेलं हलकं आणि पाठीमागे बोललेलं जड.

नातीला सांगा की आजी म्हणतेय, तू हुशार आहेस आणि मला सगळं कळलंय. आणि आजीला सांगा पुढच्या वेळी लाडू दाखवूनच म्हण.

६. 'लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही' ही म्हण नेमकी कधी वापरायची?

आवतण म्हणजे जेवणाचं बोलावणं. लबाड माणूस जेवायला या म्हणतो, वेळ सांगतो, बेत पण सांगतो, पुरणपोळी आहे म्हणतो, तुम्ही दोन घास कमी खाऊन जाता आणि दाराला कुलूप. म्हणून प्रत्यक्ष ताटावर बसून हात धुवेपर्यंत ते आमंत्रण खरं धरायचं नाही. गावाकडे 'जेवल्याबिगर खरं नाही' असं म्हणतात आणि ते मला जास्त आवडतं, जिभेवर नीट बसतं.

वापर कुठे, तर ज्याने आधी फसवलंय त्याच्या नव्या आश्वासनावर. निवडणुकीत ही म्हण दर पाच वर्षांनी ताजी होते. बिल्डर म्हणतो दिवाळीत ताबा देतो, तेव्हाही चालते. अनोळखी माणसाच्या पहिल्या शब्दावर मात्र वापरू नका, कारण म्हणीत लबाड हा आधीच माहीत असलेला लबाड आहे. मी एकदा एका नव्या व्याह्यांच्या घरी चेष्टेत ही म्हण बोललो होतो, त्यानंतरचं जेवण फार शांततेत झालं.

७. लबाड मोठा की बेइमान मोठा?

बेइमान, प्रश्नच नाही. बेइमान, दगाबाज, गद्दार, नमकहराम हे सगळे फारसी-अरबी वाटेने आलेले शब्द, आणि त्या सगळ्यांना आधी एक नातं लागतं. ज्याच्याशी इमान होतं त्याच्याशीच बेइमानी होते, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशीच नमकहरामी. आपल्याकडचं 'खाल्ल्या मिठाला न जागणं' किंवा 'केसाने गळा कापणं' त्याच घरातलं, विश्वास आधी होता आणि तो मोडला.

लबाडीला असं नातं लागत नाही, रस्त्यावरचा अनोळखी माणूसही तुमच्याशी लबाडी करू शकतो. त्यामुळे भाजीवाल्याला बेइमान म्हणणं जरा जास्तच होतं, अंगावर येतं, आणि भावाने सह्या करून जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली असेल तर त्याला नुसतं लबाड म्हणणं फार कमी पडतं. घरातले लोक अशा वेळी मुद्दाम 'लबाड' म्हणतात, पुढे लग्नकार्याला भेटावं लागतं म्हणून, ती पण एक सोय आहे.

८. बाईक चोरीला गेली म्हणून तक्रार दिली, पोलिसांनी लिहिलं 'मुद्दाम लबाडीच्या इराद्याने स्वतःच्या फायद्याकरिता चोरून नेली'. चोरीत लबाडी कुठून आली?

हे वाक्य महाराष्ट्रातल्या हजारो फिर्यादींमध्ये जवळजवळ जसंच्या तसं सापडेल. 'अज्ञात चोरट्याने', 'माझ्या संमतीशिवाय', 'लबाडीच्या इराद्याने', सगळं ठरलेलं. हसू येतं, पण त्यामागे कायदा आहे. चोरीच्या व्याख्येत (जुन्या दंड संहितेचं कलम ३७८, आता भारतीय न्याय संहितेचं ३०३) वस्तू नुसती हलवली एवढं पुरत नाही, ती अप्रामाणिक हेतूने हलवलेली असावी लागते. आणि अप्रामाणिक म्हणजे काय, तर एकाला गैरमार्गाने फायदा किंवा दुसऱ्याला गैरमार्गाने तोटा करायचा इरादा. तुमचा मित्र न सांगता बाईक घेऊन दूध आणायला गेला आणि परत आणून लावली तर ती साधारणपणे चोरी होत नाही ती यामुळेच.

कायद्याच्या मराठी पुस्तकात यासाठी 'अप्रामाणिकपणे' वगैरे शब्द असतात, पण ठाण्यात फिर्याद लिहून घेणाऱ्या हवालदाराच्या हाताला 'लबाडी' हाच शब्द बसलाय, आणि मला विचाराल तर त्याने बरोबर शब्द उचललाय, कारण त्यातही फायदा आत आहे. प्रश्न १ मध्ये मी जे म्हणालो ते हवालदारसाहेब माझ्याआधी कितीतरी वर्षं लिहितायत.

९. चारसोबीस म्हणजे पण लबाडच ना? आणि आता कलम बदललं तर शब्द बदलायचा का?

चारसोबीस हा लबाडाच्या पुढच्या इयत्तेतला. भारतीय दंड संहिता १८६० ची, लागू झाली १८६२ पासून, आणि तिच्यातलं ४२० वं कलम फसवून मालमत्ता द्यायला लावण्याचं, सात वर्षांपर्यंत शिक्षा. त्यामुळे चारसोबीसमध्ये पैसा किंवा मालमत्ता असते आणि बेत ठरवून केलेला असतो. मुलाने लाडू लपवला तर तो चारसोबीस नाही. (आजी म्हणेल, पण ती आजी आहे.)

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि हेच काम आता कलम ३१८ च्या चौथ्या पोटकलमाकडे गेलं. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांच्या केस जुन्याच आकड्याने चालतायत. बोलीत मात्र 'तो एक नंबरचा तीनशेअठरा आहे' असं कुणाच्या तोंडात बसेल असं मला तरी वाटत नाही, चारसोबीसला जो ठेका आहे तो त्यात नाहीच.

१०. भामटा हा शब्द वापरू का? पेपरात रोज येतो, 'भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले'.

मी स्वतः टाळतो, आणि का ते जरा सविस्तर सांगतो कारण बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. भामटा हे एका समाजाचं नाव आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 'भामटा' आणि 'राजपूत भामटा' अशी नावं आजही आहेत, शाळेच्या दाखल्यावर, जातप्रमाणपत्रावर हा शब्द असतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, त्यात जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, ठाण्यावर हजेरी, गाव सोडायला परवानगी, तारेच्या कुंपणात वस्ती, सोलापूरची सेटलमेंट अनेकांना ऐकून माहीत असेल. तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

आता विचार करा, वर्गात एका मुलाच्या दाखल्यावर जे नाव आहे तेच नाव पेपरात दागिने लांबवणाऱ्याला. लबाड म्हटलं तर माणूस लबाड होतो, तिथे संपलं. भामटा म्हटलं की त्याच्यामागे न केलेल्या गुन्ह्यासाठी एक अख्खी वस्ती उभी राहते. पेपरवाल्यांना मथळ्यात छोटा शब्द हवा असतो हे समजतं, पण 'ठक' तर त्याहून छोटा आहे, 'चोरटा' आहे, 'तोतया' आहे (तोतया पोलीस, तोतया अधिकारी, तिथे तर हाच नेमका). काही जण म्हणतात आमच्या मनात तसं काही नसतं, खरंच नसेल, पण ऐकणाऱ्याच्या मनाचं काय. 'उचल्या' या शब्दाचीही हीच गोष्ट.

११. चालू, बेरकी, बनेल, डांबिस, आतल्या गाठीचा... हे सगळे लबाडच का?

सगळे एका गल्लीत राहतात पण घरं वेगळी. बेरकी हा खेड्यातला शब्द, अर्धी टीका आणि अर्धी दाद, बेरकी म्हाताऱ्याला कुणी फसवू शकत नाही, तो स्वतः फसवेलच असं नाही. बनेल म्हणजे अनुभवाने तयार झालेला, नवखा बनेल नसतो. चालू हा शहरी, कॉलेजचा, त्यात लबाडीपेक्षा चटपटीतपणा जास्त, शिवाय बाईला चालू म्हटलं की अर्थ एकदम घाणेरडा होतो, तेव्हा जपून. डांबिस आणि इब्लिस शाळकरी पोरांसाठी राखीव ठेवा. इब्लिस म्हणजे मूळ अरबीत चक्क सैतान, पण मराठीत येईपर्यंत तो खिडकीच्या काचा फोडणारा पोरगा झाला.

आतल्या गाठीचा मात्र लबाडापेक्षा अवघड, कारण लबाडाचा फायदा निदान नंतर दिसतो, आतल्या गाठीच्याच्या मनात काय आहे ते दहा वर्षं शेजारी राहून कळत नाही.

आणि खेळात 'आउट नव्हतोच' म्हणणारा? तो रड्या. रडीचा डाव वेगळा, त्यात अक्कल लागत नाही, नुसता आवाज लागतो.

१२. कात्रजचा घाट दाखवणं ही लबाडी का? मग महाराजांचं काय?

हा प्रश्न भांडण लावायला विचारलाय हे कळतंय मला, तरी देतो उत्तर. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री पुण्यात लाल महालात शिरून शाहिस्तेखानाची बोटं छाटली, आणि सुटकेची गोष्ट सांगतात ती अशी की कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पेटवले, मोगल त्या उजेडामागे धावले आणि मावळे दुसरीकडून निघून गेले. त्यावरून वाक्प्रचार झाला, कात्रजचा घाट दाखवणं, म्हणजे भलत्याच दिशेला पाठवून आपण निसटणं.

याला मराठीत शब्द आहे 'कावा', आणि लबाडीहून तो वेगळा. काव्यात समोरच्याला माहीत असतं की आपण शत्रू आहोत, तो सावध असायला मोकळा असतो. लबाडीत समोरच्याला वाटत असतं की आपला साधा व्यवहार चाललाय, आंब्याची पेटी घेतोय. म्हणून युद्धात कावा शोभतो. पण 'कावेबाज' म्हटलं की परत वास येतो, कारण तो माणूस रोजच्या व्यवहारात युद्ध आणतो. आजकाल वसुलीला आलेल्या माणसाला मागच्या जिन्याने चुकवून गेलेलाही म्हणतो, 'त्याला कात्रजचा घाट दाखवला', तिथे तुम्हीच ठरवा काय म्हणायचं.

१३. ऑफिसच्या मेलमध्ये किंवा अर्जात 'लबाड' लिहिलं तर चालेल का?

नको. लेखी आणि औपचारिक ठिकाणी माणसाला विशेषण लावूच नका, कृती लिहा. 'सदर व्यक्ती लबाड आहे' यापेक्षा 'बिलात न झालेल्या प्रवासाचे पैसे लावले आहेत' हे वाचणाऱ्याला जास्त कळतं आणि तुमच्यावरही उलटत नाही. अगदीच शब्द हवा तर 'अप्रामाणिक', 'दिशाभूल करणारे', 'गैरव्यवहार', 'अपहार' हे आहेत, पण अपहार म्हणजे ताब्यात दिलेला पैसा खाणं, उगाच कुठेही लावू नका.

१४. सोसायटीच्या ग्रुपवर एकाने मला लबाड म्हटलं, केस करू शकतो का?

बदनामीचं कलम आहे, आता न्याय संहितेचं ३५६, त्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी तरतूद आहे. पण एका शब्दावर किती उभं राहतं हे संदर्भावर, लोकांनी त्याचा काय अर्थ घेतला यावर आणि त्यात तथ्य होतं का यावर जातं, तेव्हा वकिलाला विचारा, मला नको. मी फक्त भाषेचं सांगू शकतो, की 'हिशोबात लबाडी केली' हा आरोप आहे आणि 'लब्बाड आहात हं तुम्ही' हा आरोप नाही (प्रश्न ५), आणि ग्रुपवर आवाज ऐकू येत नसल्यामुळे हे दोन्ही एकसारखेच वाचले जातात. निम्मी भांडणं तिथूनच.

१५. हिंदीत आणि कोकणीत पण लबाड आहे का?

हिंदीत 'लबार' आहे, झूठा आणि बडबड्या असा अर्थ, जुन्या कवितेत आणि बोलीत जास्त, शहरी हिंदी माणसाला कदाचित कळणार नाही. गोव्यात खोट्याला 'फट' म्हणतात आणि खोटं बोलणाऱ्याला 'फटकिरो', 'फटवप' म्हणजे फसवणं. आमच्या ओळखीतली एक मराठी सून पणजीत नवीन नवीन 'फट मारता' ऐकून घाबरली होती, तिला वाटलं मारामारी चाललीय.

१६. माणूस सोडून दुसऱ्या कशाला लबाड म्हणता येतं का?

कोल्हा तर कायमचाच, गोष्टीत 'लबाड' आणि 'कोल्हा' वेगळे येतच नाहीत. मांजराला पण म्हणतो, विशेषतः डोळे मिटून दूध पिणाऱ्या. डोळे लबाड असतात, हसू लबाड असतं, तिथे अर्थ खट्याळ, आणि ते ऐकणाऱ्याला सहसा आवडतं. पावसालाही जूनमध्ये लोक लबाड म्हणतात, दोन दिवस पडून पेरणी करायला लावतो आणि मग गायब.

पण काटा, वजन, माप यांना लबाड म्हणत नाहीत. तिथे 'काटा मारला' किंवा 'मापात पाप' असं म्हणतात, कारण तराजूला बिचाऱ्याला काही मिळत नाही, मिळतं ते धरणाऱ्याला.